मत्स्यतळ्यावरची पाखरं: बसून मोजावी की फिरून?

खान्देशात पाणपक्षी बघायचे म्हटलं की गाड्या हतनूरकडे वळतात, आणि त्यात वावगं काही नाही. तापी-पूर्णेच्या पाण्यावर उभं असलेलं ४१ दरवाजांचं हे धरण हिवाळ्यात बदकांनी गजबजतं. पण जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मासे पाळायची तळीही आहेत. कुठे मत्स्यबीज केंद्राची चौकोनी तळी, कुठे मच्छीमार सोसायटीने ठेक्याने घेतलेला गावतलाव, कुठे केळीच्या बागेशेजारी खोदलेलं शेततळं. तिथे उतरणाऱ्या पाखरांची, बांधावर हिंडणाऱ्या कोल्ह्या-मुंगसांची, पाण्यातल्या दिवडांची नोंद फारशी होत नाही.

तुमच्या हाताशी असं एखादं तळं असेल, महिन्यातून एखाद-दोन सकाळी मोकळ्या असतील आणि नोंदी धरायची मनापासून इच्छा असेल, पण सुरुवात कशी करायची हे ठरत नसेल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगतो. तळं मातीचं निवडा, आधी बसून मोजा आणि मग एक फेरी मारा, आणि मोजणीच्या तारखा पंचांगापेक्षा तळ्याच्या पाण्यावरून ठरवा.

धरण की तळं?

हतनूरसारख्या जलाशयाचा पाणपसारा मोठा असतो. पट्टकादंबांचा थवा पाण्याच्या मध्यावर किंवा पलीकडच्या गाळपेऱ्यात बसला, तर साध्या दुर्बिणीतून फक्त ठिपके दिसतात. तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (लांबचं दाखवणारी एकनळी दुर्बीण) लागतो, चार-पाच जाणती माणसं लागतात, काठ वाटून घ्यावा लागतो. बदल्यात मिळतं ते मोठंच असतं: चक्रवाक, तलवार बदक, नदी सुरय, दूरवरून आलेले पट्टकादंब. पण एकट्या माणसाला अख्खं धरण मोजणं जमत नाही. त्याच्या हाती एका कोपऱ्याचा आकडा येतो, आणि पुढच्या वेळी पाणी उतरलं की तो कोपराच जागेवर नसतो.

मत्स्यतळं एका नजरेत मावतं. हद्द ठरलेली असते, बांध कायम असतो, पाणी कधी भरलं, कधी काढलं हे सांगणारा माणूस तिथेच राहतो. गेल्या महिन्याची आणि या महिन्याची तुलना खरी होते ती इथे.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून मत्स्यपालन, सिंचन, मीठ किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. म्हणजे तुमच्या गावचं मत्स्यतळं पाखरांनी कितीही भरलेलं असो, त्या नियमांच्या लेखी ती पाणथळ जागा नाही. उद्या ते बुजवलं गेलं तर तिथे काय होतं हे सांगायला तुमच्या वहीशिवाय दुसरं काही नसेल. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला. तेही मुळात बंधाऱ्यामागे साचलेलं, माणसाने अडवलेलंच पाणी. त्यामागे वर्षानुवर्षांच्या पक्षीनोंदींचं बळ होतं.

मातीचं की कागदाचं?

'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली आणि शिवारात प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी वाढली. यातल्या बऱ्याच तळ्यांत आता मासेही सोडतात. पाणी झिरपत नाही, शेतकऱ्याच्या दृष्टीने सोय मोठी. पाखरांच्या दृष्टीने मात्र या तळ्याला काठच नसतो. उतार सरळ आणि गुळगुळीत, चिखल नाही, पाणकणीस नाही, पायाच्या घोट्याएवढं उथळ पाणी कुठेच नाही. बुडी मारणारी टिबुकली, एखादा पाणकावळा, वरून पाणी टिपत जाणाऱ्या पाकोळ्या, एवढ्यावर यादी थांबते. शेकाट्या आणि तुतारी यांना उभं राहायला जागा लागते, ती इथे नसते.

मातीच्या तळ्यात काठाचा दोन-तीन हातांचा पट्टाच सगळी कमाई करून देतो. ओल्या मातीत किडे, गोगलगायी, गवताच्या मुळाशी बेडकाची पिल्लं, आणि त्यांच्यामागे येणारे ढोकरी, धोबी, टिटवी, खंड्या. सुरुवात करायची असेल तर असंच तळं शोधा.

कागदाच्या तळ्यावर एका कामासाठी मात्र जरूर जावं. रात्री पाणी प्यायला उतरलेला ससा, मुंगूस, कोल्हा त्या गुळगुळीत उतारावरून पुन्हा वर चढू शकत नाही आणि बुडून मरतो. अशा मेलेल्या प्राण्यांचीही नोंद घ्या: तारीख, जात, तळ्याची कोणती बाजू. मालकाला ती दाखवून एका कोपऱ्यात गाठी मारलेला दोर किंवा जुन्या टायरांची माळ सोडायला सांगा. खर्च नगण्य आहे, आणि उन्हाळ्यात, जेव्हा रानातलं दुसरं पाणी आटलेलं असतं, तेव्हा त्याने खरोखर जीव वाचतात.

बसून की फिरून?

बहुतेक नवखे फिरून मोजतात. बांधावरून एक चक्कर मारायची, दिसेल ते लिहायचं. एकच लहान तळं असेल तर हे चालून जातं. पण मत्स्यबीज केंद्रात सात-आठ तळी एकमेकांना चिकटून असतात, मध्ये फक्त बांध. तिथे फिरणाऱ्या माणसाच्या पुढे पुढे पाखरं सरकत जातात. ढोकरीचंच बघा. काठाच्या मातीत मातीच्याच रंगाची होऊन बसलेली असते, अगदी पायाशी येईपर्यंत दिसत नाही. मग एकदम पांढरेशुभ्र पंख उघडून उठते आणि दोन तळी सोडून पुढे उतरते. तुम्ही तिथे पोचता, ती पुन्हा उठते, आणि वहीत एका ढोकरीच्या तीन होतात. पाणकावळ्यांचा थवा तर तुमची चाहूल लागताच अख्खाच उठून जातो, आणि तो मोजायचा राहतो.

बसून मोजण्यात ही अडचण नाही. सकाळी पूर्वेकडच्या बांधावर, सूर्य पाठीशी घेऊन, बाभळीच्या किंवा निंबाच्या आडोशाला बसा. पहिली पाच मिनिटं काहीच मोजू नका. तुमच्या येण्याने उठलेली पाखरं तेवढ्यात परत खाली बसतात. मग वीस मिनिटं डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवत राहा. टिबुकलीसारख्या बुडी मारणाऱ्या पाखरांची प्रत्येक नजरेतली संख्या वेगळी येते. कधी तीन वर असतात, कधी पाच. अशा वेळी बेरीज करायची नाही, एका नजरेत दिसलेली सर्वांत मोठी संख्या धरायची. मोठा थवा असेल तर आधी नीट दहा मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवा, आणि तेवढे तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जा. वरून नुसत्या उडत गेलेल्या घारी आणि पाकोळ्या वेगळ्या रकान्यात लिहा. त्या तळ्यावर होत्या असं म्हणता येत नाही.

बसण्याचा आणखी एक फायदा म्हणजे पाखरू काय करतंय ते दिसतं. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. दहापैकी किती झेपांत मासा मिळाला हे लिहिता येतं. टिबुकली घरट्यावरून उठताना चोचीने ओलं शेवाळ ओढून अंडी झाकून ठेवते. फिरणाऱ्याला तिथे फक्त कुजक्या गवताचा तरंगता ढीग दिसेल.

तरीही बसून सगळं मिळत नाही. पाणकणसात शिरलेली लाजरी पाणकोंबडी, बांधाच्या पलीकडच्या उतारावरचा रातबगळा, बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडलेलं दिवड, चिखलातल्या पाऊलखुणा हे चालल्याशिवाय कळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी बैठक, नंतर फेरी. फेरीत फक्त बैठकीत न दिसलेल्या जातीच वाढवायच्या, आकडे बदलायचे नाहीत. दोन्ही नोंदी वहीत वेगळ्या ठेवा. माणसं दोन असतील तर एकाने पूर्वेला बसावं, दुसऱ्याने दूरच्या टोकाला, आणि उठलेला थवा कुठून कुठे गेला ते फोनवर एकमेकांना सांगावं.

वेळ एकच असेल, फेरीला सवड नसेल, तर नुसतं बसा. नियमित बैठकीचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. फेरीचे आकडे मात्र त्या दिवशी तुम्ही किती हळू चाललात, कुत्रं सोबत होतं की नव्हतं, यावर फिरतात.

उन्हाचं भान ठेवा. एप्रिल-मेमध्ये भुसावळ, जळगावकडे पारा ४५ अंशांकडे जातो. आठ वाजले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीत लांबचं पाखरू वितळल्यासारखं दिसतं. उन्हाळ्यात उजाडताच सुरुवात करून आठच्या आत काम आटोपायचं.

जानेवारी की बारा महिने?

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिच्यात भाग घ्यायलाच हवा. त्या दिवसांत मध्य आशियाकडून आलेले पाहुणे स्थिरावलेले असतात आणि अनेक देशांत एकाच सुमारास मोजणी होत असल्याने आकडे जोडता येतात. धरणासाठी हा महिना योग्य आहे.

मत्स्यतळ्याला मात्र जानेवारी अपुरा पडतो, कारण इथे ऋतूइतकाच धन्याचा हात चालतो. पावसाळ्यात तळं भरतं, जुलै-ऑगस्टमध्ये रोहू, कटला, मृगळ यांचं बीज पडतं, हिवाळ्यात मासा वाढतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी ओढून मासळी काढतात, तळं उन्हात तापवतात, चुना मारतात. पाखरं या कामांमागे येतात.

एका तळ्यावरच्या राखणदार आप्पांनी मला हेच अहिराणीत सांगितलं होतं: "जव्हय पानी उतरी तव्हय ये भाऊ, मंग दख पाखरं." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. पाणी ओढायला लागल्याच्या पहिल्या दिवशी मासे खड्ड्यात दाटतात आणि पाणकावळे, राखी बगळे, गाय बगळे, ढोकरी यांची झुंबड उडते. मासळी निघून गेली की गर्दी ओसरते, पण तळं रिकामं राहत नाही. उरलेल्या चार बोटं पाण्यात शेकाटे लाल पाय टाकत चालू लागतात, कडेच्या चिखलात ठिपकेवाल्या तुतारी चोच खुपसत फिरतात. मुग्धबलाक आला तर तो गोगलगायी उचलतो. त्याच्या चोचीच्या दोन पात्यांमधली फट लांबूनही ओळखू येते. चिखल वाळून भेगा पडल्या की टिटवी आणि धोबी राहतात. हे सारं आठवडा-दहा दिवसांत उलगडतं. तेव्हा महिन्यातली एक सकाळ तुमच्या नियमाप्रमाणे चालू ठेवा, पण तळं उपसायच्या आठवड्यात जमेल तितक्या सकाळी जा. वर्षातली सगळ्यांत मोलाची पानं तिथेच भरतात.

पावसाळाही सोडू नका. अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हे इथलेच रहिवासी, आणि त्यांची वीण पाऊसपाण्यात होते. कमळपक्ष्यात अंडी उबवायचं काम नर करतो. पाण्यावर पसरलेल्या पानांवर लांब बोटांनी चालणारा तो नर बघायचा तर जुलै-ऑगस्टमध्येच जावं लागतं. जानेवारीपर्यंत लांब शेपटीही झडलेली असते.

एखाद्या सकाळी तळ्यावर काहीच नसेल, तरी जाऊन बसलो आणि काही दिसलं नाही असं लिहा. शून्य हीसुद्धा नोंद आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पाण्याची पातळी आणि त्या आठवड्यातलं काम टिपा: बीज सोडलं, जाळं ओढलं, शेणखत टाकलं, चुना मारला. हे दोन रकाने नसतील तर वर्षाअखेरीस संख्या का चढली आणि का पडली ते सांगता येणार नाही.

कॅमेरा, चिखल आणि रात्रीची फेरी

कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) हाती आला की सगळं त्याच्यावर सोपवावंसं वाटतं. हिवाळ्याच्या रात्री तो उत्तम काम करतो. बांधावरच्या पायवाटेवर गुडघ्याच्या उंचीला, शक्यतो उत्तरेकडे तोंड करून बांधला की कोल्हा, रानमांजर, मुंगूस टिपतो. पण त्याचा सेन्सर प्राण्याच्या अंगाची आणि आसपासची उष्णता यांतला फरक ओळखतो. मेच्या दुपारी खान्देशात माती, झाड आणि जनावर सारखंच तापलेलं असतं. प्राणी समोरून गेला तरी कॅमेरा गप्प राहू शकतो, आणि झळाळत्या पाण्यामुळे उगाच शेकडो रिकामे फोटो काढू शकतो. शिवाय चोरीची भीती, आणि बांधावरून जाणाऱ्या बायामाणसांचे फोटो निघण्याचा प्रश्न. मालकाला आणि कामावरच्या मंडळींना विचारल्याशिवाय कॅमेरा लावू नये. वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी हवीच.

त्यापुढे ओला चिखल फुकट आणि भरवशाचा. कोल्ह्या-कुत्र्याच्या पावलात नखांचे ठसे उमटतात, मांजरवर्गाच्या पावलात साधारणपणे उमटत नाहीत, मुंगसाची पाच बोटं आणि नखं दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर वरून सरळ फोटो घ्या. सुरुवातीला मी चिखलालाच पसंती देईन, कॅमेऱ्याचा विचार दुसऱ्या वर्षी.

बेडकांसाठी पहिल्या जोराच्या पावसानंतरची रात्र निवडा. बुलफ्रॉग या मोठ्या बेडकाचा नर एरवी मळकट हिरवट असतो, पण विणीच्या वेळी लिंबासारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. बॅटरीच्या उजेडात ते दृश्य पाहिलेला माणूस ही रात्र पुन्हा चुकवत नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून आणि कोणाला तरी सोबत घेऊनच जा. बेडकांमागे साप येतात आणि घोणस, नाग बांधावर सापडू शकतात. पाण्यात दिसणारं दिवड मात्र बिनविषारी आहे, हे राखणदारालाही सांगा. दिवडं विनाकारण मारली जातात.

चतुर आणि टाचण्या (पाण्याकाठी उडणारे लांब शेपटीचे किडे) मोजणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली माशांची पिल्लं) सोडण्याआधी संगोपन तळ्यात साबण-तेलाचं मिश्रण शिंपडतात, कारण पाण्यातले किडे जिरे खाऊन टाकतात. त्यानंतर लगेच केलेली मोजणी तळ्याची खरी स्थिती दाखवत नाही.

दुर्बीण आणि वही

८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण तळ्यासाठी पुरे. १०×५० जवळून दाखवते पण जड असते आणि हातात जास्त थरथरते. स्कोप धरणासाठी ठेवा. नोंद आधी कागदाच्या वहीत करा, मग घरी आल्यावर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. तिथे दिसलेल्या आणि ओळखता आलेल्या सगळ्या जाती लिहिलेली पूर्ण यादी द्या, फक्त निवडक पाखरं देऊ नका. फोटोत ओळखू न आलेलं पाखरू 'बदक, जात अनिश्चित' असंच लिहावं.

मालक आणि पाणकावळा

मत्स्यपालकाचं नुकसान नाकारू नका. पाणकावळे बोटुकली (बोटाएवढी वाढलेली माशांची पिल्लं) खातात, आणि ज्याने कर्ज काढून बीज टाकलं त्याला ते झोंबतं. पण सगळी पाखरं मासे खात नाहीत, आणि हे पटवून द्यायला तुमची वहीच कामी येते. 'काय खाताना दिसलं' असा एक रकाना ठेवा. थापट्या आपल्या पसरट चोचीतून पाणी गाळून बारीक जीव आणि बिया खातो, वारकरी बहुतेक पाणवनस्पतींवर असतो, अडई प्रामुख्याने पाणवनस्पती आणि बिया खाते. संगोपन तळ्यावर सैल नायलॉनचं जाळं टाकलं की त्यात पाखरं आणि दिवडं अडकून मरतात. त्याऐवजी ताणलेल्या दोऱ्या समांतर बांधणं बरं. बहुतेक सगळे पाणपक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा बंदूक किंवा विष हा मार्ग नाही, हेही स्पष्ट पण आपुलकीने सांगावं.

यादीची एक प्रत मालकाला द्या. घरट्यांच्या नेमक्या जागा मात्र कुठेही जाहीर करू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. वर्षभराच्या नोंदी हातात आल्या की ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) भेटा, ती नोंदवही काढायला सांगा, आणि तळ्याचं नाव, पाण्याची पातळी आणि पाखरांची यादी तिच्यात चढवून घ्या.